थंडगार पडलेलं कोकरू: आधी ऊब की आधी दूध?

घाटमाथा | संध्या. ७:१०
मुळशीच्या बाजूला शेतात मेंढरं बसवली होती. धनगरांचा वाडा (कळप आणि बिऱ्हाड) आज पहाटे ताम्हिणीच्या दिशेने हलला आणि जुळ्यातलं एक कोकरू बांधाच्या कडेला राहून गेलं. नाळ अजून ओलसर आहे, म्हणजे वय एक दिवसाच्या आतबाहेर. भाजीच्या काट्यावर वजन २ किलो ४०० ग्रॅम. मान धरतं, उभं राहत नाही. पुढच्या डाव्या पायाची नळी गुडघ्याखाली मोडलेली वाटते, पण कातडी फाटलेली नाही. तोंडात बोट घातलं तर गार लागतं, चोखतं अर्धवट.

घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो आधी दूध, पोटात गेल्याशिवाय अंगात ऊब येणार कुठून? दुसरा म्हणतो आधी शेकोटी. जाणकारांनी सांगावं, आधी काय? पाय उद्यावर ढकलला तर चालेल का? आणि मोठं करायचं ठरलं तर पुढे काय वाढून ठेवलंय तेही लिहा.

तिरपागडा | ७:१४
तिसरा पक्ष मसाला वाटत बसलेला नाही ना, ते आधी बघा.

लोकरमावशी | ७:१६
तिरपागडा, तुम्ही जरा गप. घाटमाथा, शेकोटीजवळ नेऊ नका. धूर फुप्फुसात जातो आणि एक बाजू भाजते तेव्हा दुसरी गारच असते. गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडं करा. पायाला धक्का न लावता. ओलं अंग म्हणजे थंडी आतून खेचत राहते.

खुरपुराण | ७:२५
दोन्ही पक्षांनी पाच मिनिटं थांबा. आधी थर्मामीटर.

घरातला डिजिटल चालेल. जुना काचेचा ताप मोजायचा नको, कारण त्याची पट्टी ९४-९५ पासून सुरू होते, त्याखाली कोकरू किती गार आहे ते कळतच नाही. टोकाला व्हॅसलीन लावा, गुदद्वारात इंचभर सरकवा आणि टोक किंचित आतल्या भिंतीला टेकेल असं धरा. नुसतं लेंड्यांमध्ये रुतलं तर आकडा कमी येतो.

नवजात कोकराचं तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइट असतं. आता हिशेब असा:

९९ ते १०२ च्या मध्ये असेल आणि मान धरत असेल तर पुसा, पाजा, उबेत ठेवा. दूध आणि ऊब बरोबरच.

९९ च्या खाली आणि जन्मून पाच तास झाले नसतील तर आधी ऊब, ९९ च्या वर आलं की पाजणं.

९९ च्या खाली आणि वय पाच तासांहून जास्त असेल तर दोन्ही पक्ष चूक. आधी ग्लुकोज, मग ऊब, मग दूध. कोकरू जन्मतं तेव्हा मूत्रपिंडाभोवती आणि खांद्यांजवळ तपकिरी चरबीचा थोडा साठा घेऊन येतं, पहिल्या काही तासांची शेगडी तीच. पाच तासांत ती जळून जाते. मग बाहेरून ऊब दिली की शरीर जागं होतं, मेंदू साखर मागतो आणि रक्तात साखर नसते. झटके येऊन कोकरू उबदार खोक्यात मरतं. ‘चांगलं हुशार झालं होतं आणि गेलं’ ही तक्रार बहुतेक वेळा याच चुकीची असते.

आणि ज्याला मान धरता येत नाही, गिळता येत नाही, त्याच्या तोंडात चमच्यानेसुद्धा काही ओतायचं नाही. ते पोटात जात नाही, फुप्फुसात जातं.

नळस्टॉप_नाका | ७:२९
ग्लुकोज म्हणजे ग्लुकोन-डी पाण्यात कालवून का?

खुरपुराण | ७:३६
नाही. ते तोंडाने झालं, आणि थंड कोकराचं आतडं बंद दुकान असतं. हे पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने देतात. २० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच), किलोला १० मिली. २.४ किलोच्या कोकराला २४ मिली. दुकानात ५० टक्क्यांचं मिळतं, ते १० मिली आणि इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी १५ मिली मिसळलं की २० टक्क्यांचं २५ मिली होतं. सिरिंज कोमट पाण्यात धरून अंगाइतकं गरम करायचं. गार द्रव पोटात सोडला तर केलेलं सगळं पाण्यात. कोकरू पुढच्या पायांनी उभं लटकतं धरायचं, नाळेच्या इंचभर खाली आणि अर्धा इंच बाजूला, सुई शेपटीकडे तिरकी. हे लिहून वाचून करायचं काम नव्हे, हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या. १९६२ वर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी होते, तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर फोनवर तरी सापडतात.

घाटमाथा | ७:४१
९९.४.

खुरपुराण | ७:४४
म्हणजे काठावर, पण बरोबर बाजूच्या काठावर. इंजेक्शन नको. पाजा आणि उबेत ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. खाली घसरलं तर लगेच सांगा.

उबेसाठी: पुठ्ठ्याचं खोकं, खाली जुनं गोणपाट, दोन बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून. पाणी हाताला सोसेल इतकंच. जुना पिवळा शंभराचा बल्ब असेल तर दोन फूट उंचीवर. एलईडीने उजेड पडतो, ऊब नाही. खोक्याचा अर्धा भाग बल्बखाली, अर्धा बाहेर, म्हणजे जास्त गरम झालं तर कोकरू सरकू शकेल. १०२ ला आलं की बल्ब काढा. तापवून १०५ करू नका.

बेंदूर | ७:५०
थोडी ब्रँडी दिली तर? गावाकडे थंडीत कोकराच्या जिभेवर थेंब सोडतात.

खुरपुराण | ७:५३
दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, आतली ऊब बाहेर पडते. हात लावणाऱ्याला कोकरू गरम लागतं, आत ते आणखी गार झालेलं असतं. शिवाय साखर उतरते. नको.

तिरपागडा | ७:५४
तरी दोन्ही पक्षांनी स्वतःसाठी बाटली ठेवायला हरकत नसावी.

चिकूमिल्कशेक | ८:०१
पाजायचं काय हा प्रश्न राहिलाच की. चीक कुठून आणणार?

लोकरमावशी | ८:१२
जवळपास ताजी व्यालेली मेंढी किंवा शेळी असेल तर तिचा चीक पहिला. नसेल तर गाई-म्हशीचा. पुण्यात खरवसासाठी डेअरीत चीक मिळतो, पण तो कच्चा, पहिल्याच दिवसाचा आणि पाणी न घातलेला आहे का हे विचारून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक निम्मा दूधच असतो.

किती? किलोला ५० मिली एका वेळी. याला १२०. पहिल्या चोवीस तासांत किलोला २०० मिली, म्हणजे चार वेळा मिळून साधारण ४८० मिली. पहिला घोट जन्मल्यावर दोन तासांत जायला हवा असतो, कारण चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जायची वाट तासागणिक बंद होत जाते, चोवीस तासांनी जवळपास बंदच. याचं वय पाहता थोडीच फट उरली असेल. तरी द्या. रक्तात गेलं नाही तरी आतड्याच्या आत ते काम करतं, आणि ताकद आहेच.

गरम करायची रीत सांगते. चीक गॅसवर ठेवायचा नाही. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, बोट सहज बुडवता येईल इतकंच, त्यात चिकाची बाटली उभी. पाणी ५० अंश सेल्सिअसच्या वर नको. तापला की चीक घट्ट होतो, मग तुमच्या हातात वेलदोडा घालायचा खरवस उरतो आणि कोकराच्या कामाचं काही नाही. गोठवलेला असेल तरी असाच वितळवायचा. मायक्रोवेव्ह मध्येच शिजवतो.

खुरपुराण | ८:१८
मावशींना दुजोरा. एक भर: एकाच गाईचा चीक दिला तर क्वचित कोकराच्या तांबड्या पेशी फुटतात, आठ-पंधरा दिवसांनी हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. तीन-चार गाईंचा एकत्र करून दिला तर हा धोका बराच कमी. म्हणून पुढचे पंधरा दिवस पापणी उलटून बघत जा, आतली कडा गुलाबी हवी.

घाटमाथा | ८:३१
शेजारच्या शेळीचा चीक मिळाला, १५० मिली. पण चोखणं अर्धवट, बाटलीतून ओघळतंय. नळी टाकू का? मेडिकलमधून रायल्स ट्यूब आणता येईल.

खुरपुराण | ८:३९
मान धरतंय आणि बोट थोडं तरी चोखतंय, म्हणजे नळी टाकता येईल. १४ नंबरची नळी आणि ६० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढून टाकलेली.

कोकराला मांडीवर पोटाशी धरा, मान सरळ, वर ताणलेली नको. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी धरून मापा आणि तिथे चिकटपट्टीची खूण करा. टोक कोमट पाण्यात बुडवून तोंडाच्या कोपऱ्यातून, जिभेवरून हळू सरकवा. ते चघळेल, गिळेल, तसतशी नळी पुढे न्या. जोर लावायचा नाही. गळ्याच्या डाव्या बाजूला बोटांनी चाचपा: श्वासनळी कडक आणि कंगोरेदार लागते, तिच्या शेजारी दुसरी नळी जाणवली तर तुम्ही अन्ननलिकेत आहात. खोकला आला, तडफड झाली किंवा नळी खुणेच्या आधीच अडली, तर बाहेर काढा.

खूण ओठाशी आली की सिरिंज लावा, चीक ओता, सिरिंज डोक्यापेक्षा थोडी वर धरा. आपसूक उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. १२० मिलीला तीन-चार मिनिटं लागली तर बरोबर. काढताना नळी चिमटीत दाबून एका झटक्यात ओढा. नाहीतर नळीतले शेवटचे थेंब घशात गळतात आणि तेवढे न्यूमोनियाला पुरतात.

वाघूरवाला | ८:५२
डागदर बराबर सांगत्यात. आमी नळी न्हाई घालत, पर वाड्यावर डालग्याखाली कोकरं कोंडतो ते ह्याच्यासाठीच. चार एकत्र असली की एकमेकाची ऊब. एकटं कोकरू आन् फरशी, ह्यानं मरतंय. फरशीवर ठिऊ नगा.
नाळ बघा. दोन बोटं ठेवून बाकीची दोऱ्यानं बांधून कापा, आन् टिंचरमंदी बुडवा. वरनं कापूस फिरवून भागत न्हाई.

लोकरमावशी | ८:५६
+१. लहान डबीत टिंक्चर आयोडीन घ्यायचं, डबी पोटाला टेकवून कोकरू मागे कलवायचं, म्हणजे बुडापर्यंत भिजतं. आत्ता आणि बारा तासांनी पुन्हा. चुकलं तर आठवड्याभराने गुडघे सुजतात, सांध्यात पू होतो, आणि तो पाय मोडलेल्या पायापेक्षा वाईट.

सासवडची_सीताफळे | ९:०५
पायाचं विचारलं होतं त्यांनी. आज रात्री काय?

खुरपुराण | ९:१७
आज रात्री फक्त हलू नये इतकं. ऊब आणि पोट आधी. कातडी फाटलेली नाही, म्हणून सकाळपर्यंत थांबता येतं. हाड बाहेर दिसत असतं तर आजच.

पायाला कापसाच्या दोन घड्या, बाहेरून जाड पुठ्ठ्याची पन्हळ, वर पट्टी. बस. सकाळी पक्की खपची: पाऊण किंवा एक इंची पीव्हीसी पाइप लांबीत उभा चिरून अर्धा घ्या, कडा कानशीने किंवा काचकागदाने गोल करा. लांबी खुराच्या तळापासून कोपराच्या थोडी खालपर्यंत. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरले गेले पाहिजेत. नुसती नळीच्या हाडापुरती खपची बांधली की ती तरफेसारखी काम करते आणि मोड उघडते. एकाने खूर धरून पाय हलकेच सरळ ताणायचा, दुसऱ्याने कापूस गुंडाळायचा, सांध्याच्या उंचवट्यांना जरा जास्त, मग पाइप, मग पट्टी खालून वर. खुरांची टोकं उघडी ठेवायची. रोज दोनदा बोटाने बघा: गार झाली, फुगली, दोन खुरांमध्ये फट वाढली, की पट्टी घट्ट आहे, लगेच सोडा.

कोकरू झपाट्याने वाढतं, पट्टी वाढत नाही. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी उघडून नव्याने बांधायची. तीन ते चार आठवडे. गुडघ्याच्या वरचं हाड असतं तर खपची बसलीच नसती. तशा मोडीला पुण्यात औंधचं सर्वचिकित्सालय किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

वेदनेला घरातली गोळी कुटून देऊ नका. डायक्लोफिनॅक तर जनावरांना २००६ पासून बंदच आहे, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात म्हणून. मेलॉक्सिकॅम डॉक्टर वजनावर देतील.

नळस्टॉप_नाका | ९:२१
वाचनखूण साठवली. मेंढ्या नाहीत, पण पाइप आहे.

घाटमाथा | ९:४०
१२० मिली नळीने गेलं. आता १००.९.

वाघूरवाला | ९:४३
ब्येस. आता घरातल्या समद्यांनी मांडीव घिऊ नगा. झोपू द्या.

चिकूमिल्कशेक | सकाळी ८:१५
चीक संपल्यावर पिशवीतलं दूध चालेल का? गाईचं की म्हशीचं? कुठेतरी वाचलं की निम्मं पाणी घालावं.

बेंदूर | ८:२२
गाईचं. म्हशीचं जड पडतं, हगवण लागते.

लोकरमावशी | ८:३५
बेंदूर, इथे असहमत. मेंढीच्या दुधात फॅट ६-७ टक्के, म्हशीच्या दुधात जवळपास तेवढंच, गाईच्या दुधात साडेतीन-चार. म्हणजे कोकराला म्हशीचं जास्त जवळचं. पिशवीतलं घ्यायचं तर फुल क्रीम, टोन्ड नाही. पाणी अजिबात नाही. निम्मं पाणी घातलं की पोट भरतं आणि कोकरू वाळत जातं, ते एकादशीचं दूध झालं. हगवण लागते ती बहुधा म्हशीमुळे नाही, एका वेळी ढकललेल्या अर्ध्या लिटरमुळे आणि न उकळलेल्या बाटलीमुळे.

दिवसाला वजनाच्या १५ ते २० टक्के. याला ३६० ते ४८० मिली, पहिला आठवडा पाच-सहा भागांत, म्हणजे एका वेळी ७०-८० मिली. दर तिसऱ्या दिवशी वजन करून आकडा वाढवायचा. दिवसाला शंभर ग्रॅम चढतंय तर गाडी रुळावर. बाटली उलटी धरली तर थेंब थेंब पडावं, धार नको. कोकरू उभं किंवा पोटावर बसलेलं, मान आईच्या कासेखाली असते तशी. बाळासारखं उताणं धरून पाजू नका, फोटो छान येतो आणि दूध श्वासनळीत जातं.

खुरपुराण | ८:४८
मान ताणून चोखताना अन्ननलिकेपासून एक पन्हळ तयार होते आणि दूध पहिला कप्पा वगळून थेट चौथ्यात उतरतं. भांड्यातून ढोसलेलं किंवा घाईने ओतलेलं दूध पहिल्या कप्प्यात सांडतं आणि तिथे आंबतं. दोन-तीन आठवड्यांच्या बाटलीवरच्या कोकराचं पोट पाजल्यावर तासाभरात ढोलासारखं फुगतं आणि ते पटकन मरतं, त्यात ‘दिवसातून दोनदा भरपूर गरम दूध’ हे मोठं कारण. थोडं, वारंवार, रोज त्याच वेळी. दूध थोडं दही लावून आंबवून दिलं तरी फुगण्याचं प्रमाण कमी होतं, पण एकदम बदलू नका, तीन दिवसांत हळूहळू.

हगवण लागलीच तर दूध बंद करू नका. दोन पाजण्यांच्या मध्ये माणसांचं ओआरएस, पाकीट लिटरभर पाण्यात, किलोला ५० मिली, दिवसात तीनदा. दुधात मिसळायचं नाही, दूध नीट फुटत नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, दोन सेकंदांत बसली नाही आणि डोळे खोल गेले तर सलाइनची वेळ. माणसांची हगवण थांबवायची गोळी देऊ नका, विष आत कोंडतं. आणि तीन-चार आठवड्यांनंतर रक्त-शेंब मिसळलेली हगवण दिसली तर दुधाला दोष देऊ नका, ती कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींची. लेंड्या तपासून औषध, आणि खालचं ओलं गवत रोज बदलणं.

सासवडची_सीताफळे | ९:३०
धागा चाललाच आहे तर कळपाचंही विचारून घेते. दोन गोष्टी. गाईंसाठी आणलेलं खनिज मिश्रण मेंढ्यांना चालतं का? आणि पावसाळ्यात खुरं सडतात, त्याला मोरचूदाचं पाणी करतात, ते बरोबर?

बेंदूर | ९:३६
मोरचूद बेस्ट. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पूर्वी जंतावर पाजायचे देखील.

खुरपुराण | ९:५५
पाजायचे, आणि त्यातल्या काही मेंढ्या महिन्याभराने लाल लघवी करून मरायच्या. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि मेंढीचं यकृत तांबं साठवतं, बाहेर टाकायला फार हळू. साठत जातं, काही दिसत नाही, मग एखाद्या दिवशी वाहतुकीचा किंवा उपाशी राहण्याचा ताण पडला की सगळं एकदम रक्तात येतं. तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी, दोन दिवसांत खेळ खलास. गाईच्या खनिज मिश्रणात तांबं गाईच्या हिशेबाने असतं. फक्त रानात चरणाऱ्या वाड्याला यातून क्वचित त्रास होतो, पण शेडमध्ये बांधून खुराक घालणाऱ्यांनी मेंढ्यांसाठीचंच मिश्रण घ्यावं. कोंबड्यांचं खाद्य तर दूरच ठेवा.

खुरासाठी झिंक सल्फेट. १० लिटर पाण्यात १ किलो, पसरट टाकीत चार बोटं उंच, आत पाच-दहा मिनिटं उभ्या. आधी खुरांमधला चिखल धुवायचा, नाहीतर औषध चिखलालाच लागतं. बाहेर आल्यावर अर्धा तास कोरड्या, कडक जागी. थेट ओल्या रानात सोडल्या तर केलेलं धुऊन जातं. मोरचूदही खुराला काम करतं, पण तहानलेली मेंढी ते पाणी पिते. वापरायचंच तर आधी पोटभर पाणी पाजून.

बेंदूर | १०:०२
हे पटलं. तहानेचं डोक्यात नव्हतं.

वाघूरवाला | १०:१०
खूर वाढल्यालं कापताना रगत येस्तवर कापू नगा. पांढरं जाऊन गुलाबी दिसाया लागलं की थांबा.

नळस्टॉप_नाका | १०:१४
जंताचं औषध दर तीन महिन्यांनी सगळ्यांना, एवढं तरी माझ्या माहितीत बरोबर आहे ना?

लोकरमावशी | १०:३२
तेच बंद करायची वेळ आली आहे. सगळ्यांना सारखं औषध दिलं की जे जंत वाचतात ते औषधाला न जुमानणारे, आणि रानात त्यांचंच पीक येतं. पावसाळ्यात मेंढी मारणारा जंत रक्त पिणारा असतो, त्याला हगवण लागतेच असं नाही. खुणा दोन: खालच्या पापणीची आतली कडा पांढरी पडणं आणि संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबणं. जुलै ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी उन्हात उभं राहून पापणी बघा, अंगठ्याने वरची पापणी दाबून खालची ओढा. लालभडक आणि गुलाबी सोडून द्या, फिकट आणि पांढऱ्यांना औषध. कोकरं आणि गाभण मेंढ्या मधल्या रंगाच्या असल्या तरी द्या.

मात्रा नजरेने नाही, वजनाने. आल्बेंडाझोल अडीच टक्के म्हणजे मिलीला २५ मिलिग्रॅम. किलोला साडेसात मिलिग्रॅम धरलं तर २० किलोच्या मेंढीला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिली. ३० किलोची मेंढी ‘असेल वीसेक’ म्हणून ६ मिलीवर काढली की तुम्ही जंतांना लस टोचली. कळपाचा एकच डोस ठरवायचा असेल तर सगळ्यात वजनदार मेंढीवरून. नर सोडल्यापासून पहिला महिना-दीड महिना आल्बेंडाझोल नको, गर्भाला व्यंग येतं. पाजताना तोंड जमिनीला समांतर, नळी गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागे. आभाळाकडे तोंड करून पाजलं की पुढच्या आठवड्यात खोकला.

औषध लागू पडतं का हे बघायचं तर दहा मेंढ्यांच्या लेंड्या आज आणि पुन्हा चौदा दिवसांनी तपासा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर ते औषध तुमच्या कळपात म्हातारं झालं.

तिरपागडा | १०:४०
‘जंतांना लस टोचली’ आवडलं. लसीचा विषय निघालाच आहे.

खुरपुराण | १०:५८
थोडक्यात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे अखेरीस. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, तो चुकवला तर पहिला वाया. हा रोग नेमकं कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू उचलतो: पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत किंवा कणसं काढल्यावर रानात पडलेले दाणे, संध्याकाळी चांगलं, सकाळी मेलेलं. म्हणून अशा रानात पहिले दिवस अर्धा तास, आधी सुकं वैरण पोटात. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची) लस तीन महिन्यांनंतर, संरक्षण तीन वर्षं. ती जिवंत लस आहे, बर्फातून आणायची, विरघळवली की उन्हात न ठेवता तास-दोन तासांत संपवायची. लाळ्या खुरकूत सरकारी मोहिमेत होते. आंत्रविषार आणि घटसर्पाच्या लसी तर आपल्या औंधलाच तयार होतात. आजारी, तापलेल्या मेंढीला लस नाही.

चिकूमिल्कशेक | ११:०५
ओठांवर खपल्या आल्या तर ती देवी की पीपीआर? हातमोजे लागतात का?

खुरपुराण | ११:२०
फक्त ओठ आणि नाकपुडीच्या कडेला फुलकोबीसारख्या खपल्या, ताप फारसा नाही, कोकरू दूध पितंय: मावा. तीन-चार आठवड्यांत आपोआप जातो, बोरिक ग्लिसरीन लावा, खपल्या ओढू नका. शेपटीखाली, काखेत, कासेवर बिनकेसाच्या जागी गाठी आणि ताप: देवी. डोळ्या-नाकातून पू, तोंडाला घाण वास, हगवण, धाप, आणि एकामागून एक आडव्या: पीपीआर समजून वेगळं काढा आणि दवाखान्यात कळवा. मावा माणसाच्या बोटांना लागतो, म्हणून हातमोजे. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने वार, गाभडलेलं कोकरू, ओलं नवजात यांना हात लावू नये.

घाटमाथा | दुपारी १२:१०
आता १०२.६. सकाळी ७० मिली बाटलीने स्वतः चोखलं. खपची बसवली, खुरांची टोकं गरम आहेत. सर्वांना दंडवत.

आता मूळ प्रश्नाचं शेपूट. वाडा फोनवर सापडला, परवापर्यंत ताम्हिणीच्या अलीकडेच मुक्काम आहे. कोकरू परत द्यावं की बाटलीवर वाढवावं? आई घेईल का?

सासवडची_सीताफळे | १२:१८
बाटलीवर वाढवलेला नर मोठा झाला की माणसाला घाबरत नाही आणि पाठीमागून टक्कर देतो, हे लक्षात घ्या. नर आहे का?

घाटमाथा | १२:२०
नर.

तिरपागडा | १२:२१
परत द्या.

लोकरमावशी | १२:४०
दिवस-दीड दिवस दूर राहिलेलं, शेळीच्या चिकाचा आणि टिंक्चरचा वास असलेलं कोकरू आई पहिल्यांदा हुंगून डोकं मारून ढकलेल. पण जुळ्यातलं दुसरं पीत आहे, म्हणजे तिची कास चालू आहे, हे फार मोठं. तिचंच दूध काढून याच्या पाठीवर, शेपटीखाली चोळा, ती हुंगते तिथेच. दुसरं कोकरू याच्या अंगाला घासा. मग तिला आखूड बांधून, दोन्ही बाजूंना एकेक लावून पाजा, दिवसातून पाच-सहा वेळा. बहुधा तीन-चार दिवसांत दूध पोटातून जाऊन लेंड्यांना तिचा वास येतो आणि ती घेते. तोवर बाटली सोबत द्या, आणि किती मिली ते चिठ्ठीवर लिहून.

खुरपुराण | १२:४४
चिठ्ठीवर पट्टी बदलायची तारीखही लिहा. आजपासून सहावा दिवस. पट्टीवर प्लास्टिकची पिशवी कायमची बांधू नका, आत घाम साचून कातडी सडते. दव असेल तेव्हाच, तासाभरापुरती.

घाटमाथा | १२:४७
पण घाट उतरायचा आहे आणि ते तीन पायांवर. कळपाबरोबर चालणार कसं?

वाघूरवाला | १:०२
चालतंय कशाला? हप्त्या-दोन हप्त्याची कोकरं कुटं चालत्यात घाटानं. ती समदी घोड्यावरच असत्यात. ह्यालाबी पाठीवरच्या जाळीत बसवत्याल, डावा पाय बाहेरच्या अंगाला ठिवा म्हनावं.